रंगाचा दुसरा हात

हरिश्चंद्राने गॅरेजच्या कोब्याला ओल तपासायला चिकटवलेल्या प्लास्टिकचा एक कोपरा नखाने उचकटला आणि तुकडा हलक्या हाताने मागे सोलत नेला. खाली पाण्याचे बारीक थेंब जमले होते. बोट फिरवले तर बोट ओले झाले. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मग त्याची नजर उघड्या शटरकडे गेली. शटरच्या उंबऱ्याला लागून शेणाचा ताजा सडा पडला होता आणि त्यावर रांगोळीच्या दोन रेघा ओढलेल्या होत्या.

“सडो कोणी घातल्यान हय?”

विमला विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. ती थांबली, पण कळशी तिने कमरेवरून उतरवली नाही.

“मी. आणखी कोण घालतलो?”

“ग्यारेजाक?”

“दार आसा मां ता? दारात सडो नको?”

घराला पुढचे दार होते, मागचे दार होते, गोठ्याचे होते, आणि दिवाळीपासून हे एक लोखंडी दार वाढले होते. विमलाने रोजच्या सड्यात त्याचाही वाटा काढला होता. इकडे तो रोज कोबा घासत होता, ॲसिड ओतून धूत होता, सुकवत होता, आणि रोज सकाळी तो उठायच्या आत त्याची बायको त्याच कोब्याच्या कडेला भक्तिभावाने पाणी पाजत होती. हसावे की कपाळाला हात लावावा हे त्याला कळेना, तेव्हा त्याने दोन्ही केले.

“आज रंग लागाचो नाय,” तो म्हणाला. “खाली पाणी आसा. आता उद्या.”

“उद्या तर आवराआवर. परवा सकाळी भायर पडाचा आसा.”

“म्हायत आसा माका.”

मग विमलाने जे विचारले ते ती त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारत होती.

“तुमी येतलास मां वांगडा?”

“येतलंय गो. न्हय म्हणाक कोण मेलो?”

ती स्वयंपाकघरात गेली. त्याने कोरडे फडके घेतले आणि कोबा पुसायला लागला.

हरिश्चंद्र खलाशी म्हणून बोटीवर चढला होता आणि खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग होऊन उतरला होता. मधल्या सगळ्या वर्षांत त्याने काय केले, याचे खरे उत्तर एकच होते. त्याने गंज खरवडला आणि रंग लावला. पुढून मागे रंगवत जावे, तोवर पुढे पुन्हा गंज धरलेला असे. इतका रंग लावला, पण स्वतःचे म्हणावे असे वीतभरही कुठे उरले नव्हते. त्या बोटी आता कुठेतरी भंगारात गेल्या होत्या. म्हणून शेवटच्या खेपेला चीफ ऑफिसरने निरोपाचे काय पाहिजे असे विचारले, तेव्हा बाकीचे लोक टेपरेकॉर्डर मागतात तसे न करता त्याने डेकचा रंग मागितला. मोठे डबे रंगाचे, लहान डबे औषधाचे. औषध रंगात मिसळले की तासाभरात तो लावून मोकळे व्हायचे. पुढे तो डब्यातच तापतो आणि दगड होतो. पण नीट लागला, तर त्यावर तेल सांडा, मीठ सांडा, लोखंड आपटा, काही होत नाही.

घराच्या बाजूला चिऱ्याचे गॅरेज त्याने त्यासाठीच बांधले होते. गाडी अजून नव्हती. मुंबईतून एक जुनी फियाट मे महिन्यात येणार होती, निदान तो तसे सांगत होता. वाडीतल्या लोकांना तेवढे पुरे होते. शेजारचा दत्ताराम रोज कुंपणावरून डोकावून विचारायचा.

“हरिश्चंद्रा, बोट लावतलंस काय रे हय?”

आणि त्याच वेळी गावाची पळण आली. हे तर फारच सोयीचे झाले. तीन-चार वर्षांतून एकदा गावदेव कौल देतो आणि सगळा गाव रिकामा होतो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरे, सगळे वेशीबाहेर पडतात. तीन दिवस नि तीन रात्री व्हाळापलीकडच्या माळावर खोपी बांधून राहतात. त्या दिवसांत गाव देवाचा. कोणी पाऊल टाकायचे नाही, चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही. मग देवाला पुन्हा विचारायचे आणि त्याने हो म्हटले की परत यायचे. लहानपणी आईच्या कडेवरून हरिश्चंद्राने पहिली पळण पाहिली होती. बोटीवर गेल्यापासून एकही त्याच्या वाट्याला आली नव्हती. आता कौलाची बातमी कळली तेव्हा त्याच्या मनात देव आधी आला नाही, रंग आला. ताजा रंग आणि तीन दिवस एक कोंबडी त्याच्यावरून जाणार नाही, असा योग कुठल्या बंदरात जुळला असता? बुधवारी पहिला हात, गुरुवारी दुसरा, शुक्रवारी गाव सोडायचा आणि परतल्यावर कडक, गुळगुळीत जमिनीवर उभे राहायचे. देवाने जणू त्याला विचारूनच दिवस ठरवला होता.

सड्याने हा बेत एका दिवसाने मागे ढकलला.

गुरुवारी कोबा सुकला होता. हरिश्चंद्राने औषध ओतले, काठीने तळापासून ढवळले आणि पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात केली. रोलर एका लांब बांबूला बांधला होता. तो मागे मागे सरकत दाराकडे येत होता आणि त्याच्या पायांपुढे हिरवी जमीन वाढत होती. पाठ दुखत होती, पण त्या दुखण्यातही सुख होते. बाहेर विमला आणि शेजारची सुभद्रा तांदळाची पोती बांधत होत्या. मध्येच दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“हिरवो कित्याक?” सुभद्राने विचारले. “शेवाळ इल्यासारख्या दिसता.”

“डेकाचो रंग आसा तो.”

“घसारलंय तर?”

“घसराचंस नाय. लावून तर होवंदे.”

विमला जमिनीकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. हा माणूस दारात पोचेल तेव्हा डबा संपलेला असेल की नाही, असा काहीतरी तिचा हिशोब चालला असावा. शेवटची पट्टी उंबऱ्यावर लागली आणि तो बाहेर आला. डब्याच्या तळाशी उरलेला रंग हाताला कोमट लागत होता.

“झाला?” तिने विचारले.

“एक हात झालो.”

“नि दुसरो?”

हा प्रश्न तो कालपासून टाळत होता. दुसरा हात उद्या पहाटे, गाव निघायच्या आत लागणे शक्य नव्हते, तोवर पहिला पुरता धरलेला नसणार. दुसरा लागायचा तर उशिरात उशिरा शनिवारी. त्यापुढे गेला तर पहिला इतका कडक होतो की दुसरा त्याला धरतच नाही, केळीच्या सोपटासारखा सुटून येतो. आणि एका हाताच्या भरवशावर चालायचे तर दोन पावसाळ्यांत ठिकठिकाणी पोपडे. बोटीवर असे काम कोणी केले असते तर त्याने स्वतः त्याला खरवडायला बसवले असते.

“बघूया,” तो म्हणाला.

विमलाला हा शब्द ओळखीचा होता. मुलीच्या बारशाला, घराच्या वास्तुशांतीला, आणि दर चतुर्थीच्या आधी हाच शब्द तिने ऐकला होता. तिने पोत्याची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली आणि ते ओढत पडवीत नेले.

शुक्रवारी उन्हे वर यायच्या आत गाव निघाला. पुढे गुरे, मागे बैलगाड्या, गाड्यांवर भांडी, चटया, टोपलीखालच्या कोंबड्या. दत्तारामाच्या गळ्यात ट्रान्झिस्टर होता आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा लावलेला होता. हरिश्चंद्राने शटर खाली ओढले, वाऱ्यासाठी थोडी फट ठेवली आणि गाईची दोरी हातात घेतली. गाय त्याला ओळखत नव्हती. ती दोनदा अडली. शेवटी विमलाने दोरी घेतली, तेव्हा ती मुकाट चालू लागली.

माळावर त्यांची खोप दत्तारामाच्या खोपीशेजारी होती. विमलाने ती आधीच बांधून घेतली होती, माडाच्या झावळांची, आणि आत दोन चटया शेजारी शेजारी घातल्या होत्या. ती दिवसभर खूश होती. एवढी खूश की हरिश्चंद्राला तिच्याकडे बघताना थोडे अवघडल्यासारखे झाले. तिने त्याला तीन दगडांची चूल मांडायला लावली, ती वाकडी झाली म्हणून पुन्हा मांडायला लावली. व्हाळावर पाण्याला गेली तर त्याला बरोबर घेऊन गेली, एक रिकामी कळशी धरायला. वाटेत भेटेल त्या बाईला तिने काही ना काही कारण काढून थांबवले.

“काय गो विमल, ह्या वर्सा घोव हाडलंस?” एका म्हातारीने विचारले.

“हाडलंय,” विमला म्हणाली. “किती वर्सां एकटीच येय होतंय. म्हटला, एकदा तरी दाखवूया लोकांका.”

बायका हसल्या. हरिश्चंद्रही हसला. संध्याकाळी भजन झाले, भाकरी आणि सुक्या सुंगटांची चटणी झाली, पोरींनी फुगड्या घातल्या. दत्तारामाने त्याला बोटीवरच्या गोष्टी सांगायला लावल्या, आणि तोही रंगात येऊन सांगत होता. पण सांगता सांगता त्याची बोटे मांडीवर एकमेकांना घासली जात होती. विमलाच्या ते लक्षात येत होते. रंग धरला की नाही हे बघायला तो असेच अंगठ्याने बोट चोळतो, हे तिने कित्येक सुट्ट्यांमध्ये पाहिले होते. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचा, आणि त्यातले निम्मे दिवस दारे-खिडक्या रंगवण्यात जायचे.

शनिवारी दुपारी जेवणे झाली आणि माळ आडवा झाला. बाया खोपींच्या सावलीला पडल्या, पोरे आंब्याखाली. विमला चटईवर डोळे मिटून होती. हरिश्चंद्र उठला.

“खंय?” तिने डोळे न उघडता विचारले.

“व्हाळार. दत्तारामाचो पाग घेवन बघतंय, मासो गावता काय.”

“बरा.”

तो व्हाळाच्या कडेने चालत खाली गेला, करवंदीच्या जाळीआड झाला आणि उथळ जागी पाणी ओलांडून पलीकडे चढला. वादळात डेकवर उभा राहिलेला माणूस, आणि आता आपल्याच गावात शिरताना चोरासारखा मागे वळून बघत होता. आपण काही वाईट करत नाही, तो स्वतःला सांगत होता. देवाचे काही घेत नाही. तासाभराचे काम, की परत. तिला कळणारसुद्धा नाही.

मग तो वाडीत शिरला आणि त्याची चाल आपोआप मंदावली.

अशी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. समुद्रावर मध्यरात्रीसुद्धा इंजिन चालू असते. इथे काहीच चालू नव्हते. रहाटाची कुरकुर नाही, कुणाच्या घरात भांडे पडत नाही, कोंबडा नाही, पोर नाही. कावळेसुद्धा उष्ट्याच्या मागे माळावर गेलेले. दारे बंद होती. अंगणातल्या तुळशी कोरड्या होत्या. एक झावळ सुटून खाली पडली तर तो दचकून उभाच राहिला. घरे त्याच्याकडे बघत होती असे नाही. उलट ती कोणाकडेच बघत नव्हती, आणि तेच त्याला सोसेना. तो झपझप चालत गॅरेजपाशी आला आणि शटर हळूच वर केले.

जमीन सुंदर झाली होती. एकसारखी, हिरवी, मंद चकाकणारी. एक पान नाही, एक किडा नाही. त्याने अंगठा टेकवून पाहिला. चिकट नाही, पण अजून कोवळी. हीच वेळ. या अर्ध्या दिवसासाठी त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी रंगवल्या होत्या, असे त्याला वाटून गेले. तो उंबऱ्यावर बसला, मोठा डबा उघडला, लहान डबा उघडला, आणि औषध ओतून ढवळू लागला. काठी फिरली तसा रंग पातळ होत गेला. रोलर बांबूला बांधायला तो वळला, तेव्हा त्याला कोपऱ्यावर विमला उभी दिसली.

ती धावत आलेली नव्हती. डोक्यावर पदर होता आणि हातात दत्तारामाचा पाग होता.

“ह्यो खोपीतच ऱ्हवलो,” ती म्हणाली.

त्याने बांबू खाली ठेवला. एवढ्या शांततेत तिचा साधा आवाजसुद्धा मोठा वाटला.

“तू कित्याक इलंस? देवाचा मोडला तर लोक तुका बोलतले. माका बोलांदेत, माझा काय.”

“देवाचा ऱ्हवांदे. देवाक मी कधीच सांगून ठेवलंय. तेचा नि माझा काय ता आमी बघू.”

“म्हणजे?”

विमला उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. पाग तिने मांडीवर घेतला आणि त्या जाळ्याच्या कडेचे शिसे एकेक करून बोटांनी चाचपू लागली.

“मी पळणीत हय रवलंय. तिनय दिस.”

“कधी?”

“तुमची आई आजारी होती त्या साली. तुमी जपानात होतास.”

“तेव्हा तर तू तिका कट्टा गावाक नेलंस. तिच्या भाच्याकडे, गंगारामाकडे.”

“तसा सगळ्यांका सांगलंय. बैलगाडी सुद्धा दाराक उभी केल्लंय. पण तिका उचलली नि तिचो दम वर चढाक लागलो. वाटेतच गेली आसती ती. परत खाटेर घातलंय. पोरग्यांका सुभद्रेवांगडा धाडलंय, गाडी रिकामीच कट्ट्याक धाडलंय, नि दार लावून घेतलंय.”

“दत्तारामाक सांगाचा होता.”

“सांगला आसता तर सगळो गाव अडलो आसतो. एका म्हातारीसाठी पळण मोडली म्हणान जन्मभर आयकूक लागला आसता. तिकाच.”

हरिश्चंद्राला एकदम दुसरेच काही आठवले.

“गंगारामाक मी घड्याळ दिलंय. आवशीक बघितल्यान म्हणान. सिंगापुरातून हाडलेला.”

“दिलास. तो तरी काय सांगतलो? घेतल्यान.”

दोघांपैकी कोणालाही हसू आले असते, एरवी. हरिश्चंद्र डब्याकडे बघत होता. डब्याला हात लावला तर तो ऊन लागला.

“कामाक लागा,” विमला म्हणाली. “ता सुकतला. मी बसतंय हय.”

त्याने रोलर घेतला नाही.

“चूल?”

“नाय पेटवक. धूर दिसलो आसतो. थंड पेज दिय होतंय तिका. दिवो नाय, काय नाय. दिवसाचा काय वाटत नव्हता तेवढा. पण आवाज नाय, तो कसो तो आता तुमी बघतास. कोंबो नाय, कुत्रो नाय. तिका वाटला, सगळे आपल्याक टाकून गेले. मी बाजूक बसलंय तरी इचारी, कोण आसा गो घरात? मी म्हणय, मी आसंय. तर म्हणा, तू आसंस, पण हरी इलो काय?”

विमलाचा हात शिशावर थांबला.

“मगे दुसऱ्या दिसा मी तुमचे बूट काढलंय. बोटीवरचे, ते जड. पायात घातलंय नि पडवीत चललंय. ह्या टोकाकडसून त्या टोकाक. तिणा आयकल्यान. म्हणाली, इलो. नि झोपली.”

हरिश्चंद्राने आपल्या पायांकडे पाहिले.

“जाग इली की परत इचारी. की परत चलाचा. तुमी कसे चलतास ता म्हायत होता माका, जरा डावो पाय ओढून. तसोच ओढी होतंय. तिसऱ्या दिसा पायाची सालां गेली. पण ती बरी झोपली. माघात गेली ती सुद्धा, हरी इल्लो, म्हणानच गेली.”

“माका कधी सांगूक नाय तू.”

“कधी सांगतलंय? तुमी दोन म्हयने येतास. त्यात आल्या-गेल्याची गर्दी. मगे रंग काढूक बसतास. रंग काढतल्या माणसाक काय सांगाचा?” ती जरा थांबली. “पळण इली की माका परत ता सगळा येता. माळार सगळे हसतत, खेळतत, नि माझ्या कानात ता घर आसता. म्हणान म्हणी होतंय, ह्या वर्सा तुमी वांगडा येवा. देवासाठी न्हय.”

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. मीठ संपले आहे असे सांगावे तसे. हरिश्चंद्राला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली फार जुने दुःख होते, ज्याची त्याला इतकी वर्षे कल्पनाही नव्हती. आई आपल्याविना एकटी गेली असे तो मानत आला होता. ती एकटी गेलीच नव्हती. एकटी होती ती ही, विमला.

डब्यातून वाफेसारखा उग्र वास येऊ लागला. विमलाने नाकाला पदर लावला.

“अवो, तापलो तो. लावतलास की नाय?”

त्याने काठी धरून हलवली. ती जड फिरली, आणि मग अर्ध्यावर अडकली. अजूनही घाई केली असती तर कदाचित एखादा कोपरा निघाला असता. त्याने आयुष्यात कधी रंग वाया घालवला नव्हता. तळाशी उरलेलाही तो बादल्यांच्या कड्यांना लावायचा. आता तो बसून राहिला आणि काठी डब्यात सरळ उभी राहीपर्यंत बघत राहिला.

“दुसरो डबो आसा?” विमलाने विचारले.

“नाय.”

“मगे?”

“मगे काय. एकच हात.”

“पोपडे येतले म्हणी होतास.”

“येवंदेत.”

तो उठला. कडक झालेला डबा त्याने उचलून गॅरेजच्या बाहेर, माडाच्या बुंध्याशी ठेवला. शटर खाली ओढले, या वेळी फट न ठेवता, आणि त्याचा मोठा आवाज रिकाम्या वाडीत लांबवर गेला. विमलाने दचकून इकडेतिकडे पाहिले.

“हळू. आयकतलो कोण तरी.”

“आयकांदे.”

माळाकडे जायची वाट अरुंद होती, दोन कुंपणांमधून जाणारी. विमला सवयीने बाजूला झाली, त्याला पुढे जाऊ द्यायला. नवरा पुढे आणि ती चार पावले मागे, असेच ती दर सुट्टीत त्याच्याबरोबर बाजारात आणि देवळात गेली होती. हरिश्चंद्र जागचा हलला नाही.

“तू हो पुढे,” तो म्हणाला.

ती थोडी घोटाळली. मग पाग खांद्यावर टाकून चालू लागली. बंद दारे, कोरड्या तुळशी, उन्हात पडलेली अंगणे दोन्ही बाजूंनी मागे जात होती. ती मागे वळून बघत नव्हती. हरिश्चंद्र तिच्या मागून चालला होता, डावा पाय जरा ओढत, आणि तिला नीट ऐकू यावे म्हणून प्रत्येक पाऊल मुद्दाम जोरात टाकत.